शालनताईनं सांगितलं होतं

बायका दुखणं लपवतात, कुणाला सांगत नाहीत आणि मग वेळ निघून जाते, हे वाक्य आमच्याकडं हळदीकुंकवाला भाषण करायला आलेली प्रत्येक डॉक्टरीण बोलून जाते. समोरच्या बायका माना डोलावतात, वाण घेतात आणि घरी जातात. मला आता ते वाक्य ऐकवत नाही. उठून बाहेर जावंसं वाटतं. शालनताईनं काहीही लपवलं नव्हतं. तिनं पॅकिंगला सांगितलं, स्टोअरला सांगितलं, सुपरवायझरला सांगितलं, देवळात सांगितलं, दवाखान्यात सांगितलं. अर्ध्या तुर्भ्याला ठाऊक होतं. तरी ती गेली.

तुर्भ्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आमची कंपनी आहे. मी तिथं स्टोअरला आहे, अजून आहे, म्हणून नाव घेत नाही. आम्ही वनस्पतींचे अर्क काढतो. शतावरी, ज्येष्ठमध असं काय काय येतं, पण खरा धंदा सोयाबीनचा. त्यातून एक पिवळसर भुकटी निघते, चवीला कडूजहर. ती चाळायची, कॅप्सूलमध्ये भरायची, बरण्यांत घालायची. बरणीवर हसऱ्या, पिकल्या केसांच्या गोऱ्या बाईचं चित्र. शालनताई चाळणीवर होती. कंपनी पत्र्याच्या शेडमध्ये होती तेव्हापासून होती, आणि कंपनीची पक्की इमारत झाली तेव्हाही त्याच चाळणीवर होती.

ठेंगणी, रुंद बाई. कपाळावर गोंदण, दंडात जोर, आणि आवाज असा की मशीन चालू असताना स्टोअरमध्ये मला तिचं बोलणं शब्दन् शब्द कळायचं. गाव साताऱ्याकडचं, पाटणच्या डोंगरातलं. नवरा मार्केटात माथाडी होता. पोती वाहून वाहून त्याची पाठ गेली, तेव्हापासून घर हिच्यावर. मुलगा टेम्पो चालवायचा, सून कविता घरी. ताई मला नावानं कधी बोलवायची नाही. माझं माहेर नावड्याचं, सासर नेरूळचं, दोन्हीकडं आगरी, म्हणून मी म्हात्रीण. "म्हात्रीण, तुमच्या लोकांनी जमिनी दिल्या, त्यावर हे कारखाने हुबं राहिले, आन् तू हितंच बारदान सांभाळतीस," असं ती चारचौघांत म्हणायची. मला राग यायचा. खरं होतं म्हणून जास्त यायचा.

तोंडाला मास्क बांधायचा नियम होता. मास्क म्हणजे पातळ फडक्याचा तुकडा, तासाभरात भुकटीनं लिंपून जायचा. चांगले मास्क दळवी साहेबांच्या कपाटात कुलूपबंद, ते तपासणीच्या दिवशी बाहेर यायचे. शालनताईचा मास्क कायम गळ्यात. तोंड बांधल्यावर बोलायचं काय नाकानं, हा तिचा सवाल. संध्याकाळी चाळणीवरून उठली की भुवया पिवळ्या, पापण्या पिवळ्या, गळ्यातल्या मण्यांवर पिवळा थर. दारात उभी राहून दोन्ही तळहात एकमेकांवर आपटायची, भुकटीचा ढग उडवायची आणि म्हणायची, "झालं बाई, उडालं." उडायचं कुठलं? नाकातोंडात जायचं ते गेलेलंच असायचं.

दळवी साहेब आमचे सुपरवायझर. माणूस वाईट नाही. हे मी मुद्दाम आधीच सांगते, कारण वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. शिकलेला, शर्ट इस्त्रीचा, बायकांशी कधी वाकडा शब्द नाही. नवीन बायका आल्या की ते ही भुकटी काय करते ते समजावून सांगायचे. बाईच्या अंगात इस्ट्रोजेन नावाचं द्रव्य असतं, पाळी जायच्या वयात ते कमी होतं, म्हणून अंगातून वाफा निघतात, झोप उडते, जीव घाबरा होतो. सोयाबीनमध्ये, जवसात, तिळात त्याच्यासारखं दिसणारं काहीतरी असतं. शरीर त्याला आपलं समजून कामाला लावतं. बायका हो-हो म्हणायच्या आणि काही कळायचं नाही. मग चहाच्या वेळी शालनताई सांगायची: घरची बाई माहेरी गेली, आन् शेजारीण येऊन चूल पेटवून गेली, असं समजा. भाकरी मिळंल. पर शेजारीण ती शेजारीण, तिला तुमच्या घरातलं काय ठाऊक?

साहेबांना हे इतकं आवडलं की पाहुणे आले की ते चूल आणि शेजारीण स्वतःचं म्हणून सांगायला लागले. तेही इंग्रजीतून.

ताईचं स्वतःचं ते वय आलं तेव्हा सगळ्या कंपनीला ताप. अंगाची भट्टी व्हायची तिच्या. चाळणी सोडून ती सरळ चाचणीच्या खोलीत घुसायची, कारण तिथं एसी. पांढऱ्या कोटातली पोरं बघत राहायची आणि ही एसीखाली पदर सोडून उभी. एकदा साहेबांनी हटकलं, ताई इथं यायचं नसतं. तिनं सगळ्या पोरांसमोर सांगितलं की पाळी जायच्या बेताला आली आहे, अंगातून जाळ निघतोय, आणि अजून नीट सांगायचं असेल तर तेही सांगते. साहेब कानापर्यंत लाल झाले. दुसऱ्या दिवशी चाळणीपाशी पंखा लागला. वर्षानुवर्षं तोंड उघडून जे कुणाला मिळालं नव्हतं ते हिनं लाज सोडून मिळवलं, आणि पंख्याखाली बसून आम्हाला बघून हसायची.

आमच्यात असं कुणी बोलत नसे. बायका आपसांतसुद्धा पोटात दुखतंय एवढंच म्हणतात आणि बाकीचं डोळ्यांनी सांगतात. शालनताईला ते डोळ्यांचं बोलणं जमायचं नाही. मला काय धाड भरलीया लाजायला, मी काय चोरी केलीया, हे तिचं ठरलेलं. तिचा समज असा होता की खरं बोललं की माणूस सुरक्षित राहतं. तिच्याइतकं माणसांवर विश्वास टाकणारं माणूस मी पाहिलं नाही.

पाळी थांबून वर्ष झालं तेव्हा तिनं पेढे वाटले. होय, पेढे. वाशीतल्या चांगल्या दुकानातले, केशराचे. आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसत होतो. ती खोका घेऊन पुरुषांत पण गेली. दळवी साहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, काय ताई, नातू झाला का?

"न्हाय साहेब. सुटले मी. पाळी गेली."

साहेबांना तो पेढा गिळवेना आणि थुंकवेना. त्या दिवसाच्या आठवणीनं मी अजून हसते आणि मग हसू थांबतं. कारण ती तारीख तिनं सगळ्यांच्या तोंडात पेढा घालून सांगितली होती. पुढं कुणाला म्हणायची सोय नव्हती की आम्हाला माहीत नव्हतं.

ती इतकी खूश का होती, त्याला कारण होतं. त्यांच्या वस्तीत साताऱ्याकडच्या लोकांनी बांधलेलं देवीचं देऊळ आहे. देवीला हात लावून साडी नेसवायची ती पाळी गेलेल्या सवाष्ण बाईनंच, असा तिथला नियम. शालनताई लग्न होऊन आली तेव्हापासून उंबऱ्याबाहेर उभी राहून बघत आली होती. आता तिचा नंबर लागला. त्या नवरात्रात तिनं मला मुद्दाम बोलावलं. मी गेले. एरवी पोतं उचलावं तशा सगळ्या गोष्टी उचलणारी ही बाई, पण देवीच्या निऱ्या घालताना बोटं अशी हळू चालत होती की मी तिला ओळखलं नाही. सगळ्या निऱ्या एकसारख्या, एक इकडं नाही, एक तिकडं नाही. बाहेर आली तेव्हा घामानं निथळत होती आणि चेहरा लग्नातल्या नवरीसारखा. देवळाच्या मंडळाच्या प्रमुख होत्या, त्यांना सगळे वहिनी म्हणत. त्या म्हणाल्या, शालन, अशी साडी देवीला आजवर कुणी नेसवली नाही. ताई पुढं किती महिने हे एकच वाक्य सांगत होती. ऐकून ऐकून आम्ही विटलो.

त्याच दिवाळीला कंपनीनं मिठाईऐवजी कॅप्सूलच्या बरण्या वाटल्या. परदेशातून परत आलेला माल होता, मुदत अजून शिल्लक होती. बायकांनी शिव्या घातल्या. मी माझी बरणी तशीच टेबलावर ठेवली. शालनताईनं सगळ्यांच्या बरण्या गोळा केल्या. मी म्हटलं, ताई, हे सगळं तुम्ही खाणार? गुडघे दुखतात, रात्री अजून वाफा निघतात, फुकटचं आहे आणि गुणाचं आहे, असं तिचं म्हणणं. शिवाय वर तत्त्वज्ञान: आपण केलेला माल आपणच खाल्ला नाही तर लोकांनी का खावा? सकाळी दोन, रात्री दोन अशा ती घ्यायला लागली. बरणीवर दिवसाला एक असं लिहिलं होतं, इंग्रजीत. पण लिहिलेलं वाचता आलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. ती औषध भाकरीसारखं खायची, भूक असेल तेवढं.

पावसाळा सुरू झाला तेव्हा तिला परत अंगावरून जायला लागलं.

आता ऐका तिनं काय केलं. डब्याच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी तिनं जाहीर केलं, की बायांनो, माझी गेलेली परत आली. आणि एकच हशा पिकला. कुणी म्हणालं, ताई तरुण झाली. कुणी म्हणालं, आता तात्यांना सांभाळा, म्हणजे तिच्या नवऱ्याला. कुणी म्हणालं, अजून दोन बरण्या खा, शाळेत नाव घालू. ती पण हसत होती. थोडी वैतागली होती, पण मला वाटतं, आतून थोडी फुशारलीही होती. आपल्या हातच्या मालानं हे केलं! इतकी वर्षं चाळलं ते काही खोटं नव्हतं!

साहेबांना तिनं स्वतःच सांगितलं. मी समोर होते. साहेब, तुमच्या पावडरीनं माझी पाळी परत आणली. ते आधी गडबडले, मग त्यांना हसू आलं. म्हणाले, "म्हणजे बघा ताई, आपला माल एक नंबर आहे."

झालं. त्या एका वाक्यानं सगळं मिटलं. रक्त का जातंय याला कारण सापडलं, आणि कारण सापडलं की माणसं पुढं बघत नाहीत. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण माझ्या आत्याचं असंच काहीतरी झालेलं मी ऐकून होते, म्हणून मी तिला दोनतीनदा म्हटलं की वर्षभर बंद होऊन परत सुरू होणं मला ठीक वाटत नाही, मोठ्या दवाखान्यात चला. ती उसळली. तू माझी सासू हायस का? मग माझं तोंड बंद करायला कामगार विम्याच्या दवाखान्यात जाऊन आली. तिथंही तिनं सांगितलं, लाजली नाही. डॉक्टरनं मान वर न करता वय विचारलं. हिला जन्मतारीख कुठली ठाऊक? म्हणाली, पन्नास असंल नायतर दोन जास्त. या वयात होतं असं, म्हणून त्यानं लोहाच्या गोळ्या लिहिल्या. ती चिठ्ठी तिनं माझ्या टेबलावर आपटली आणि विचारलं, आता झालं समाधान?

नवरात्र आलं. इथं दुसरी एखादी असती तर गप्प बसली असती. वस्तीत कोण कोणाचं बघायला जातं? पाळी चालू असलेल्या बायका गोळ्या घेऊन ती पुढं ढकलतात आणि देवळात मिरवतात, हे मला वस्तीतल्याच बायकांनी सांगितलंय. शालनताई आपणहून वहिनींकडं गेली आणि म्हणाली, वहिनी, माझी परत आलीया, मला देवीला शिवता यायचं न्हाय. वहिनींनी काय करावं? तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, शालन, तुझं मन निर्मळ आहे, दुसरी कुणी असती तर सांगितलं नसतं. मंडळातल्या बायकांनी पण वाखाणलं. एवढ्या सगळ्या पोक्त बाया, प्रत्येकीची पाळी गेलेली, प्रत्येकीला माहीत की गेलेली पाळी अशी परत येत नसते. एकीनंही म्हटलं नाही की अगं, हा विटाळ नाही, हा आजार आहे. साडीचा मान त्यांनी दुसऱ्या बाईला दिला. शालनताई पुन्हा उंबऱ्याबाहेर उभी राहिली, आणि निऱ्या वाकड्या पडल्या म्हणून दसऱ्यापर्यंत कुरकुरत होती.

घरात पण तेच. जात असेल तेव्हा ती बाजूला बसायची, चुलीला हात लावायची नाही. पुढं पुढं महिन्यातले जास्त दिवस बाजूलाच जायला लागले. कविता वैतागून मला म्हणाली की माझी पाळी आली तर मी बसत नाही बाजूला, आणि आता सासूची पाळी सांभाळतेय. ताईनं तिला ते सगळं माफ केलं होतं, सुनेला कधी बसवलं नाही. नियम स्वतःपुरता ठेवला होता. चांगुलपणा कुठं दाखवावा तर तिथं.

संक्रांतीनंतर कंपनीत दुसऱ्या राज्यांतले वितरक आले होते. चांगले मास्क निघाले, टोप्या निघाल्या. साहेब त्यांना फिरवत चाळणीपाशी आले आणि शालनताईकडं हात करून इंग्रजीत म्हणाले की या आमच्या सगळ्यात जुन्या कामगार, पन्नाशी ओलांडलीय, पाळी जाऊन वर्ष झालं होतं आणि आमच्या प्रॉडक्टमुळं पुन्हा सुरू झाली. पाहुणे हसले. एकानं टाळ्या वाजवल्या. एकानं मोबाईल काढून तिचा फोटो घेतला. मी मालाची चिठ्ठी घेऊन मागं उभी होते, मला सगळं कळत होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिला वाटलं, आपल्या कामाचं कौतुक चाललंय. तिनं मास्क खाली ओढला आणि सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला. तेव्हा तिचे ओठ किती पांढरे पडलेत ते मला पहिल्यांदा दिसलं.

त्यानंतर मी साहेबांना गाठून बोलले, रागानंच बोलले, की बाई पांढरीफटक पडत चाललीय, तिला त्या चाळणीवरून तरी हलवा. ते म्हणाले, म्हात्रे मॅडम, दवाखान्यात दाखवलंय ना त्यांनी? टेन्शन घेऊ नका. होळीनंतर मात्र त्यांनी ती शेखी मिरवणं बंद केलं. पाहुणे आले तरी शालनताईकडं बोट जाईना. स्वतःच्या घरी बरण्या न्यायचे, तेही थांबलं. मला वाटलं, माणूस कंटाळला असेल.

उन्हाळ्यात ती चाळणीपाशीच कोसळली. उचलायला गेलो तर एवढी जड बाई, पण हाताला वजन लागेना. मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. कविता, ताईचा मुलगा आणि मी, तिघं बाहेर बाकावर. तिथली डॉक्टरीण वयानं लहान होती आणि तिला आमचा राग आला होता हे दिसत होतं. गर्भाशयाचा कॅन्सर, पसरलेला. पाळी थांबून वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त गेलं तरी ती पाळी नसते, पहिल्याच दिवशी यायचं असतं, असं तिनं सांगितलं. मी पावडरीचं विचारलं. शालनताई चाळायची, खायची, सगळं सांगितलं.

"पावडरीमुळं झालं की नाही, हे मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "उशीर मात्र पावडरीमुळं झाला."

त्या पोरीनं जे एका वाक्यात सांगितलं त्यासाठी आम्हाला वर्ष लागलं. आणि सगळ्यांना सगळं माहीत असताना लागलं.

ऑपरेशन होण्यासारखं राहिलं नव्हतं. किरणं दिली, केमो दिली, दोन्ही तिला सोसलं नाही. शेवटी घरी आणलं. तुर्भ्याच्या त्या खोलीत दाराजवळ खाट टाकली होती, म्हणजे वारा लागेल. ताई कुणावर चिडली नव्हती, हे मला सहन व्हायचं नाही. वस्तीतल्या बायका यायच्या, खाटेशी बसून हळहळायच्या, अगं आधी कळलं असतं तर, म्हणायच्या. मी एकदा त्यांना म्हणाले, आधी म्हणजे कधी? तिनं देवळात येऊन सांगितलं तेव्हा? मला शालनताईनंच गप्प केलं.

गणपती उठल्यानंतर एका दुपारी मी गेले होते. तिला मी पाहिलं ते शेवटचं. आत कविता तांदूळ निवडत होती. तात्या दारात पायरीवर बसलेले होते. ताई भिंतीला टेकून अर्धी उठून बसली होती. केस गेले होते, गोंदण तेवढं कपाळावर होतं तसं. मला म्हणाली, म्हात्रीण, स्टोअर कुणाच्या जिवावर टाकून आलीस? तेवढ्यात दळवी साहेब आले. हातात सफरचंदांची पिशवी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्यांना बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली, कवितानं चहा टाकला.

चाळणीवर नवीन बाई आलीय, तिला तुमच्यासारखं जमत नाही, असं साहेब काहीबाही बोलले. चहा आला. कप हातात घेऊन त्यांनी तिला धीर द्यायला सुरुवात केली. खरंच धीर द्यायला, त्यात काही खोट नव्हती.

"घाबरू नका ताई. माझ्या आईचं पण सेम झालं होतं. आता एकदम बरी आहे."

ताईनं विचारलं, "कंचं सेम?"

ते म्हणाले, तेच, गेलेलं परत सुरू झालं होतं. आई आपल्याच कॅप्सूल घ्यायची ना. नेरूळला एका चांगल्या डॉक्टरांना दाखवलं, दुसऱ्याच दिवशी. गर्भाची पिशवी तपासली. आतलं अस्तर जाड झालं होतं फक्त, पुढं काही नव्हतं. कॅप्सूल बंद केल्या, औषध दिलं. वेळेत आलात म्हणाले डॉक्टर.

"कवा झालं हे?"

"होळीच्या आसपास असेल."

होळीच्या आसपास शालनताई चाळणीवर होती. साहेबांच्या केबिनच्या काचेतून ती रोज दिसायची. मी साहेबांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांच्या लक्षातच येत नव्हतं. आई एका खणात आणि शालनताई दुसऱ्या खणात, आणि दोन्ही खण त्यांच्या डोक्यात कधी एका वेळी उघडलेच नव्हते. मी काहीतरी बोलणार होते, फार वाईट बोलणार होते, पण शालनताईनं माझ्या हातावर हात ठेवला. त्या हाताला काही वजन नव्हतं.

तिनं विचारलं, "आईनं सांगितलं व्हय तुमास्नी?"

"छे हो, आई कुठली सांगते," साहेब म्हणाले. "जुनी माणसं, लाजतात. लपवूनच ठेवलं होतं तिनं. धुण्याच्या कपड्यांवरून बायकोच्या लक्षात आलं, मग मला कळलं."

रस्त्यावरून ट्रक गेला आणि खिडकीची काच थरथरली. मग शालनताई बोलली. आवाज चढला नव्हता, त्यात तक्रार पण नव्हती. कामावर एखादी गोष्ट साहेबांच्या ध्यानात आणून द्यावी तसं बोलली.

"मी तर तुमाला तोंडावर सांगितलं व्हतं, साहेब."

साहेबांचा कप ओठांपाशी होता. तो तिथंच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी उलगडलं ते मी पाहिलं, आणि मला त्याचं काही समाधान झालं नाही. तात्यांनी पायरीवरून मान वळवली. आत कविताचे तांदळातले हात थांबले होते. मग शालनताईनंच त्यांची सुटका केली.

"चहा घ्या," ती म्हणाली, "गार व्हतोय."